मधल्या वजनगटाची बारामतीकर 'आरएस'

कुस्तीच्या आखाड्याप्रमाणे मोटरसायकलींच्या जगातही वजनगट असतात. फरक इतकाच, की येथे गट ठरतो तो प्रामुख्याने इंजिनाच्या क्षमतेवर. त्यातील मधल्या गटाच्या स्पोर्ट मोटरसायकलीने जगभरच्या तरुणांना चाळीस वर्षे भुरळ घातली आहे. या गटातील एक नावाजलेली गाडी, इटलीच्या एप्रिलियाची 'आरएस ४५७', बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होऊन युरोप-अमेरिकेत जाते.

पियाजिओ समूह बारामतीत आला तो 'ॲपे' ही तीनचाकी घेऊन. २०१२ मध्ये येथे व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले, २०१६ मध्ये एप्रिलियाची 'एसआर १५०' स्कूटर आली. व्हेनिसजवळच्या नोआले गावची एप्रिलिया पियाजिओने २००४ मध्येच ताब्यात घेतली होती. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यातील 'इंडिया बाइक वीक'मध्ये 'आरएस ४५७' भारतीय ग्राहकांसाठी सादर झाली. तेव्हा तिची शोरूम किंमत ४ लाख १० हजार रुपये होती. भाजीची पोती वाहणाऱ्या तीनचाकीच्या गावातून शर्यतीच्या घराण्यातील गाडी बाहेर पडावी, हे कौतुकास्पदच.

पूर्वी मधला गट म्हणजे ६०० सीसी आणि चार सिलिंडर असे समीकरण होते. १९८५ ची कावासाकी 'जीपीझेड ६००आर', १९८७ ची होंडा 'सीबीआर ६००एफ' आणि १९९९ ची यामाहा 'आर६' ही त्यातील मोठी नावे. पण 'आर६'सारख्या गाड्यांची खरी ताकद इंजिनाचे फेरे मिनिटाला दहा हजारांच्या पुढे गेल्यावरच हाती येई. शहरातल्या सिग्नलवर तिचा उपयोग काय? त्यातच युरोपातील प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २०२० नंतर 'आर६'ची रस्त्यावर चालवण्याची आवृत्ती तेथून मागे घेण्यात आली. बाजार दोन सिलिंडरच्या, हलक्या गाड्यांकडे वळला.

या बदलाला कायद्याचाही हातभार लागला. युरोपीय संघात २०१३ पासून लागू असलेल्या 'ए२' परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येते. शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती चालत नाही. 'आरएस ४५७'ची शक्ती ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती. इंधनासह वजन १७५ किलो. भागाकार करून पाहावा: उत्तर नेमके ०.२ येते. गाडी पाच किलोंनी हलकी केली असती, तर शक्तीही कमी करावी लागली असती. हा योगायोग मानणे कठीण आहे.

मात्र गणितावर कोणी भाळत नाही. दोन्ही पिस्टनना जोडणाऱ्या क्रँकची रचना २७० अंशांची असल्याने सिलिंडरमधील स्फोट समान अंतराने होत नाहीत. त्यामुळे एकसुरी गुणगुण ऐकू न येता 'व्ही' आकाराच्या इंजिनासारखा खर्जातला, तुटक आवाज घुमतो आणि मधल्या वेगातही गाडी जोमाने ओढते. ॲल्युमिनियमची चौकट ही या किमतीला दुर्मीळ चैन आहे. आवरणाविना, उंच हँडलची 'तुओनो ४५७' ही बहीण २०२५ मध्ये भारतात आली.

खरेदीचे गणित मात्र अवघड झाले आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांचा करभार उपकरासह ३१ टक्के होता, तो ४० टक्के झाला. परदेशातून आयात झालेली असो वा बारामतीत घडलेली, ३५० सीसीची रेषा दोघींना सारखीच.

आणि चालवायची कुठे? संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा बारामती-सणसर-निमगाव केतकी-इंदापूर हा मार्ग आता रुंद झाला आहे, मोहही तितकाच वाढला आहे. परंतु गळीत हंगामात संध्याकाळनंतर या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना पुढे येतात. अशा वेळी ३५ किलोवॉटपेक्षा पुढच्या चाकाची ३२० मिलिमीटरची डिस्क आणि एबीएस अधिक कामाला येतात.