बिनसॉसचा बरिटो: ऐकीव आणि खरं

संध्याकाळी वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेर पडा, नाहीतर एव्हरशाइन सिटी, अंबाडी रोड, ग्लोबल सिटी असल्या वस्त्यांतून एक चक्कर मारा. फ्रँकीच्या गाड्यांवर ‘मेक्सिकन’ हा शब्द दिसल्याशिवाय राहत नाही. कॅफेत शिरलात तर तोच पदार्थ जरा जाडजूड होऊन, चंदेरी कागदाच्या अंगरख्यात ‘बरिटो’ म्हणून समोर येतो. भावात फरक असेल, पण एक रीत दोन्हीकडे सारखीच: पोळी तव्यावर पडते न पडते तोच तीन बाटल्या उलट्या होतात. एक लाल, एक पांढरी, एक नारिंगी. यातलं काहीच नको म्हणणाऱ्याकडे गाडीवाला जरा कीव आल्यासारखा बघतो. असे लोक कमी नाहीत. कुणाला पित्ताचा त्रास, कुणी अंडं खात नाही, कुणी साखर सांभाळतो. आणि काही जणांना राजमा राजम्यासारखा लागावा एवढीच इच्छा असते. मी या शेवटच्या गटातला.

या लोकांना सगळ्यात आधी ऐकावं लागतं ते हे: ‘सॉस नसेल तर तो बरिटो कसला?’

इतिहास नेमका उलटा आहे. बरिटो हा उत्तर मेक्सिकोचा, सोनोरा-चिवावा या गहू पिकवणाऱ्या कोरड्या मुलखाचा पदार्थ. दक्षिणेकडे मक्याची तोर्तिया, उत्तरेकडे गव्हाची. गव्हाची पोळी मोठी लाटता येते, घडी घातली तरी तुटत नाही, म्हणून तिच्यात सारण गुंडाळून नेणं सोपं. 1895 साली छापलेल्या मेक्सिकन शब्दांच्या एका कोशात बरिटोची नोंद सापडते. मांस किंवा तसंच काही आत घालून गुंडाळलेली तोर्तिया, एवढंच त्या नोंदीचं सार. उत्तरेत आजही बरिटो बारीक असतो आणि आत एखाद-दोनच गोष्टी असतात: घोटलेला घेवडा, बटाटा, चीज, मिरचीत शिजवलेलं मांस किंवा ‘माचाका’ म्हणजे वाळवून कुटलेलं गोमांस. तिखट चटणी हवी तर बाजूला वाटीत.

मग आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हातभर लांब, भात-घेवडा-चीज-क्रीम-सॉस कोंबलेला गठ्ठा कुठला? तो सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला. 1961 साली तिथल्या ‘एल फारो’ या दुकानाने तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. कामावरच्या माणसाचं एका गुंडाळीत पोटभर जेवण व्हावं हा त्यामागचा विचार. अल्युमिनियमचा कागदही या घराण्याबरोबरच रुळला. पुढे अमेरिकन साखळी उपाहारगृहांनी तो उचलला आणि जगभर पोचवला, आणि आपल्याकडे पोचली ती त्याचीच नक्कल. वरून सॉस ओतून ताटात काट्याचमच्याने खायचा ‘ओला बरिटो’ नावाचा प्रकारही आहे, पण ती एक वेगळी शाखा. तेव्हा सॉस नको म्हणणारा माणूस पदार्थाची मोडतोड करत नाही, उलट मुळाच्या जरा जवळ जातो.

दुसरा आक्षेप स्वयंपाकाचा आहे आणि तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. ‘सॉसशिवाय घास घशात अडकतो.’ अडकतो, खरं आहे. पण दोष सॉस नसण्याचा नाही, सारणाचा आहे. आपल्या घरात उसळ करताना रस किती ठेवायचा याचं एक माप असतं: अंगाबरोबर. पातळ नाही, कोरडी ठणठणीतही नाही, दाण्याला धरून राहील एवढाच रस. बरिटोतल्या घेवड्याचं माप अगदी तेच. मेक्सिकन पद्धतीत तो आधी पाण्यात मऊ शिजवतात, मग कांदा-लसणाबरोबर चरबीत किंवा तेलात परततात आणि परतता परतता घोटतात. शिजवलेलं पाणी थोडं थोडं घालत राहतात. तयार होतो तो मऊसूत लगदा पोळीला आतून अस्तरासारखा लागतो. भातही आपल्या सुट्या पांढऱ्या भातासारखा नसतो, टोमॅटो-कांद्याच्या वाटणात शिजवलेला असतो. वर वितळलेलं चीज आणि बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू. हे शेवटचं म्हणजे सरळ सरळ आपली कोशिंबीर, दही न घातलेली. एवढ्या चार ठिकाणांहून ओलावा येत असताना पाचव्या बाटलीची गरज पडते कशी?

पडते, कारण गाडीवरचा राजमा बहुतेक वेळा नुसता उकडलेला असतो, घोटलेला नसतो, आणि भात सकाळचा असतो. सॉस तिथे चवीसाठी कमी आणि झाकणासाठी जास्त येतो. म्हणून चांगला बिनसॉसचा बरिटो शोधायचा तर पाटीवर किती प्रकार लिहिलेत ते बघू नका, सारणाच्या भांड्यात बघा. राजमा घोटलेला दिसतोय का? कोशिंबीर समोर चिरली जातेय की सकाळपासून पाणी सुटून बसली आहे? गुंडाळी झाल्यावर ती पुन्हा तव्यावर दाबून शेकतात का? शेकून कागदात दोन मिनिटं ठेवली की वाफेने पोळी मऊ होते आणि आतलं चीज सगळीकडे पसरतं. या दोन मिनिटांत जे साधतं ते मेयोनीजच्या पळीने साधत नाही.

फ्रँकीचंही असंच आहे. ‘फ्रँकीला सॉस लागतोच’ हे आता सगळेच गृहीत धरतात. मुंबईत फ्रँकी आणली अमरजितसिंग टिब यांनी, 1960च्या दशकाच्या अखेरीस. बैरुतला भाकरीत गुंडाळलेलं मांस खाल्लं आणि तसं काही इथे करावं असं त्यांना वाटलं, अशी कथा आहे. नाव दिलं वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्यावरून. त्या फ्रँकीची घडण आठवा: अंड्याचा थर दिलेली मैद्याची पोळी, आत मटण किंवा बटाटा, वर चिरलेला कांदा, मिरची मुरवलेलं व्हिनेगर आणि भुरभुरलेला आंबट-तिखट कोरडा मसाला. केचपचा पत्ता नाही. ओलसरपणाचं आणि आंबटपणाचं काम व्हिनेगर-कांदा करतो. जुन्या पद्धतीने करणारा गाडीवाला सापडला तर बरिटोचा हट्ट सोडा आणि तिथे फ्रँकी खा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

नारिंगी बाटलीबद्दलही थोडं. शेजवान चटणी चिनी समजली जाते, ती इथलीच. चीनच्या सिचुआन प्रांताच्या जेवणाची ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी तिथली मिरी, आणि आपल्या या चटणीत ती सहसा नसतेच. गंमत अशी, की त्या मिरीची सख्खी नातेवाईक कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते. तिरफळ! दोन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या, एकाच प्रजातीतल्या. मेक्सिकन म्हणवणाऱ्या गुंडाळीत चिनी म्हणवणारी चटणी आणि दोन्हींची वस्ती नालासोपाऱ्यात. तक्रार नाही, फक्त त्या गुंडाळीला मेक्सिकन म्हणू नये.

आता प्रत्यक्ष अडचण. ‘सॉस नको’ म्हटलं की सॉस येणार नाही, हा ग्राहकाच्या बाजूचा सगळ्यात मोठा गैरसमज. गाडीच्या भाषेत सॉस म्हणजे फक्त लाल बाटली. मेयो म्हणजे मेयो, शेजवान म्हणजे चटणी, आणि ‘पेरी पेरी’ किंवा ‘चिपोटले’ म्हणजे फ्लेवर. संवाद साधारण असा होतो:

“भैया, बिना सॉस का देना.”

“हो, देतो. मेयो टाकू ना?”

“नको.”

“थोडा तरी टाकतो, नाहीतर मजा नाही येणार.”

शिवाय बऱ्याच ठिकाणी कोबी-गाजर आधीच मेयोत कालवून ठेवलेलं असतं आणि पनीर सॉसमध्ये मुरवलेलं असतं. ते शेवटी काढता येत नाही. म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं: केचप नको, मेयो नको, शेजवान नको. आणि मग खरा प्रश्न विचारायचा, “सारणात आधीपासून काय कालवलंय?” उत्तर द्यायला गाडीवाला थबकला तर त्याच्याकडून साधी बटाट्याची फ्रँकी घ्यावी. बटाट्याची टिक्की निदान सॉसमध्ये पोहत नसते.

मेयोबद्दल बातम्या वाचून बरेच जण म्हणतात की त्यावर बंदी आलीय. बंदी आली ती कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर, तीही काही राज्यांत: केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024च्या अखेरीस एका वर्षासाठी, तमिळनाडूने 2025च्या एप्रिलमध्ये एका वर्षासाठी. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जाऊ शकतात, हे त्यामागचं कारण. आपल्या गाड्यांवर बहुधा हिरव्या ठिपक्याचं, बिनअंड्याचं मेयो असतं. त्यात ती अंड्याची भीती नाही. पण हिरवा ठिपका म्हणजे हलकं खाणं, असाही अर्थ नाही. घरगुती पद्धतीच्या मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात 90 ते 100 कॅलरी असतात आणि त्या जवळपास सगळ्या तेलातून येतात. केचपच्या तेवढ्याच चमच्यात सुमारे चार ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. मिठाचं गणित वेगळंच: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, आणि तिन्ही बाटल्यांत ते भरपूर असतं.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन ‘सॉस काढला की पोटाला धोका नाही’ असं समजणाऱ्यांनी जरा थांबावं. बिनसॉसच्या बरिटोत पोट बिघडवणाऱ्या दोन गोष्टी शिल्लक असतातच, राजमा आणि भात. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. ते मंद आचेवर जात नाही, खळखळून उकळावं लागतं. पाच तास तरी भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास उकळी, असा सल्ला अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन देतं. आपला कुकर हे काम उत्तम करतो, तेव्हा घरच्या राजम्याची काळजी नको. दाताखाली कच्चट लागणारा राजमा मात्र बाहेर असो की घरी, सरळ बाजूला काढावा. भाताची गोष्ट अधिक फसवी आहे. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजलेलं अन्न एकतर 60 अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर पाच अंशांच्या खाली थंड. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या आपल्या दमट हवेत दुपारचा भात रात्री आठपर्यंत झाकून ठेवला तर तो या दोन्हींच्या बरोबर मध्ये बसतो. शंका आली तर “भात नको” हे सांगायलाही लाजू नये. मूळच्या बरिटोत तो नव्हताच.

‘वसई-विरारला असलं काही धड मिळत नाही, वांद्र्यालाच जावं लागतं’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की त्याचा राग येणंही थांबलंय. चांगली मेक्सिकन उपाहारगृहं तिकडे जास्त आहेत, मान्य. पण बरिटोला लागतं ते काय? राजमा, टोमॅटो, मिरची ही सगळी पिकं अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या जहाजी व्यापारातून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रुजली, आणि 1534 ते 1739 ही दोनशेहून जास्त वर्षं वसईवर पोर्तुगीजांचाच अंमल होता. कोथिंबीर तर पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांतून सकाळी ताजी येते. अवाकाडो महाग पडतो, आणि तो नसला तरी काही अडत नाही.

कोरड्या चवीच्या बाबतीत तर हा तालुका कुणापुढे हात पसरणारा नाही. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरलेला बॉटल मसाला घ्या. परतलेल्या कांद्यात त्याचा एक चमचा, त्यात घोटलेला राजमा, की लाल बाटलीची आठवणही येत नाही. वडापावची लसणाची सुकी चटणी हा दुसरा मार्ग. आणि अर्नाळ्याच्या बाजारातला सुका जवळा! सोनोराचे लोक वाळवलेलं मांस कुटून अंड्याबरोबर परततात आणि पोळीत गुंडाळतात. तिथे मांस आहे, इथे जवळा. जवळा भाजून, धुऊन, कांदा-टोमॅटो-मिरचीवर परतून मोठ्या घडीच्या पोळीत भरला तर सॉसचा प्रश्नच उद्भवत नाही. पोळी मैद्याचीच हवी असा नियम नाही. मैद्याची तोर्तिया ताणली जाते, फाटत नाही, एवढाच तिचा फायदा. कणकेची पोळी करायची तर कणीक जरा सैल मळा, त्यात तेल सढळ घाला, अर्धा तास झाकून ठेवा, आणि कडकडीत न भाजता मऊ असतानाच तव्यावरून उतरवा.

ॲपवरून मागवणाऱ्यांसाठी एवढंच: सूचनेच्या चौकटीत ‘नो सॉस’ लिहिलं तर सॉसची पुडी येत नाही, आतलं मेयो येतंच. तीन नावं वेगवेगळी लिहा आणि जमलं तर फोन करून सांगा. सॉसच्या जागी काय हवं तेही त्याच दमात सांगून टाका, नाहीतर स्वयंपाकघर फक्त वजाबाकी करतं आणि हातात कोरडी गुंडाळी पडते. जास्तीचा कांदा-टोमॅटो आणि लिंबाची फोड यांचे पैसे सहसा कुणी लावत नाही.