बांधावरचे गवत आणि बॅटरीवरील कापणीयंत्र

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीस वीज नवी नाही. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली उतरवून १९१५ साली येथील वीजगृहात वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली गेली. त्या काळी वीज तारांवरून गाव सोडून दूर जात असे. आज ती अर्ध्या विटेएवढ्या बॅटरीत साठवून शेतकरी बांधावर घेऊन जातो आणि तिच्या बळावर गवत कापतो. पेट्रोलच्या यंत्रापेक्षा हे यंत्र हलके व कमी आवाजाचे असल्यामुळे ते निरुपद्रवी आहे, असा समज मात्र सहज होतो. तो खरा नव्हे.

खालापूर व कर्जत तालुक्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. श्रावण-भाद्रपदात भातखाचरांच्या बांधांवर कमरेएवढे गवत माजते, त्यात किडींना व उंदरांना आसरा मिळतो, आणि नेमक्या त्याच वेळी मजूर मिळत नाहीत. अशा वेळी हे यंत्र उपयोगी पडते. परंतु बांध अगदी बोडका करू नये. गवताची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. यास्तव तीन-चार बोटे खुंट राखूनच कापणी करावी. गुरांच्या वैरणीसाठी मात्र विळाच बरा, कारण यंत्राने गवताचा चुरा होतो व तो चिखलात मिसळतो.

या यंत्रात गवत कापते ती नायलॉनची दोरी. तिला धार नसते. तिचा वेग हीच तिची धार होय. ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात दोरी मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर तिचे टोक एका सेकंदात सुमारे ९४ मीटर अंतर तोडते. या वेगाने उडालेला खडा डोळा कायमचा निकामी करू शकतो. म्हणून बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा, पायांत गमबूट व अंगावर पूर्ण विजार असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. उन्हाचा साधा चष्मा या कामी पुरेसा नाही. गमबुटाचा दुसराही उपयोग आहे: दाट गवतात फुरसे किंवा घोणस असण्याचा संभव असतो, तेव्हा आधी काठीने गवत झोडपून घ्यावे. गोटे, तारेचे तुकडे व बाटल्या प्रथम वेचून काढाव्यात. माणसे व गुरे निदान १५ मीटर दूर ठेवावीत. मागचे आवरण काढून टाकणे, किंवा दोरीच्या जागी लोखंडी पाते बसविणे, हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत. पात्यासाठी न बनविलेल्या यंत्राचे पाते दगडावर आदळले की यंत्र उसळून चालविणाऱ्याच्याच अंगावर येते.

कर्जत-खोपोली परिसरातील शेतघरांच्या आवारात गवत कापणारे बहुधा रोजंदारीवरील मजूर असतात. मालक यंत्र देतो, पण चष्मा देत नाही, असे होता कामा नये. यंत्र विकत घ्यावयाचे तर चष्मा व गमबूट हे त्याच्या किमतीतच धरावेत.

दोरी संपली अथवा रिळात गवत गुंतले, तर काय करावे? प्रथम बॅटरी काढावी, मग हात लावावा. पेट्रोलचे यंत्र बंद पडले की पुन्हा दोर ओढावा लागतो. हे यंत्र मात्र कळ चुकून दाबली जाताच क्षणात फिरू लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी ही एक गोष्ट शेतकऱ्यांकडून दोन-तीनदा करवून घ्यावी.

आता बॅटरीविषयी. फवारणी पंपाची शिशाची बॅटरी गावोगाव परिचित झाली आहे. ती वापरानंतर लगेच चार्ज करावी व भरलेलीच ठेवावी, हे शेतकरी जाणतात. कापणीयंत्राची लिथियम बॅटरी वेगळ्या स्वभावाची आहे. काम थांबविल्यावर ती तापलेली असते. तशीच चार्जरला लावू नये, सावलीत हाताला गार लागेपर्यंत ठेवावी. बहुतेक कारखानदार ४० अंशांहून अधिक उष्णतेत चार्जिंग करू नये असे सांगतात, आणि वैशाखात कर्जतकडे भर दुपारी पारा तेथवर पोचतो. त्या दिवसांत सकाळी लवकर चार्ज करणे इष्ट होय. फवारणी पंपाचा चार्जर, पिन जुळली तरी, या बॅटरीस कदापि लावू नये. यंत्राबरोबर आलेला चार्जरच वापरावा.

चार्जिंग कोठे करावे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पडवीतच विजेचा बोर्ड असतो आणि पडवीतच भाताचा पेंढा, गोणपाट व खताच्या पिशव्या रचलेल्या असतात. बॅटरीने पेट घेतला तर त्या घराचे काय होईल, हे सांगावयास नको. चार्जर फरशीवर, कोरड्या जागी, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा. रात्रभर लावून झोपी जाऊ नये. घरात कोणी जागे असतानाच हे काम उरकावे. विजा कडाडू लागल्यास चार्जरची पिन काढून ठेवावी. पावसात यंत्र चालवू नये. बॅटरीच्या पितळी टोकांवर चिखल वा ओल असेल, तर ती कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच चार्जरला लावावी. फुगलेली, तडकलेली किंवा खाचरात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह धरू नये. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी. धूर निघू लागल्यास माणसांना दूर करावे, शक्य असल्यास मुख्य कळ बंद करावी व १०१ वर अग्निशामक दलास कळवावे.

बॅटरी किती वेळ पुरेल, याचा हिशेब सोपा आहे. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास या मापांचा गुणाकार ७२ वॅट-तास होतो. दाट गवतात यंत्र ३०० वॅट ओढत असेल तर काम जेमतेम पाव तास चालेल, आणि २ अँपिअरच्या चार्जरवर बॅटरी पुन्हा भरण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागेल. तेव्हा मोठ्या बांधबंदिस्तीसाठी दोन बॅटऱ्या घेणे सोयीचे. एक निवते तोवर दुसरी कामी येते.

दिवाळीनंतर गवत वाळले की यंत्राचे काम संपते. त्या वेळी बॅटरी यंत्रातून काढावी. पंपाच्या बॅटरीप्रमाणे ती पूर्ण भरून ठेवू नये, तशीच अगदी रिकामीही ठेवू नये. साधारण निम्मी भरलेली, थंड व कोरड्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. जुनी झालेली बॅटरी चुलीत, उकिरड्यात किंवा पाताळगंगेत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. यास्तव नवी घेताना जुनी दुकानदाराकडे घेऊन जावी व ती कोठे जमा करावयाची, हे विचारून घ्यावे.