आडपट्टी सरळ, तर चीर सरळ

उज्जैनच्या वेधशाळेत शाळेची मुले घेऊन आम्ही दरवर्षी जातो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने ती उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिची डागडुजी करविली. तेथील सम्राट यंत्राची तिरकी भिंत जमिनीशी सुमारे २३ अंश १० मिनिटांचा कोन करते. त्यामुळे तिची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. ही कड जराशी जरी ढळली, तरी सावली खरी पडूनही वेळ खोटी लागेल, असे आम्ही मुलांना सांगत आलो. हे सूत्र स्वतःच्या घरात उमगण्यासाठी मात्र एक फळी पुतण्याच्या कानाजवळून सणसणत जावी लागली!

घडले ते असे. आईसाठी सागवानी देव्हारा करावा म्हणून आम्ही मेजावर बसविलेली गोल विजेची करवत घेतली. फळ्या चिरण्याचे काम पुतण्याकडे. पण एकही पट्टी दोन्ही टोकांस सारख्या रुंदीची निघेना. "अरे, हात वाकडा आहे तुझा, लक्ष कुठे असते?" असे आम्ही पंधरवडाभर त्याला ऐकवीत राहिलो. तो बिचारा "नाही काका, मी नीटच धरतो" एवढेच म्हणे. एके दिवशी फळी पात्यात आवळली आणि उलट उडून अंगणाच्या दारावर आदळली. दाराला पडलेला खड्डा आजही आहे.

शेजारच्या मिस्त्रींनी येऊन पाहिले. पात्याशेजारच्या ज्या आडपट्टीला टेकवून लाकूड पुढे सरकवायचे, तिला ते 'गाइड' म्हणतात. इंग्रजीत तीच 'फेन्स'. त्यांनी ती घट्ट आवळली आणि मागचे टोक एका बोटाने दाबले. ते हलले! "माट्साब, पोराचा हात सरळ आहे, तुमची पट्टी वाकडी आहे," ते म्हणाले. आम्हांला मान खाली घालावी लागली.

पट्टीचे मागचे टोक पात्याकडे झुकले, की लाकूड पट्टी आणि पाते यांच्या बेचक्यात सापडते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात मेजातून वर येत असतात. ते लाकूड उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. दहा इंची पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. या वेगापुढे दक्षता कितीशी पुरणार?

करवतीबरोबर आलेली पट्टी पातळ पत्र्याची असेल, तर वेगळी घेऊन बसविणे श्रेयस्कर. प्रकार मुख्यतः तीन. पहिला, इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा, आपल्या गुण्याच्या तत्त्वावरचा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या बीसमायर नावाच्या कारागिराने १९८० च्या सुमारास तो लोकप्रिय केला. यात पुढे जाड पोलादी चौकोनी नळी असते. पट्टी तिच्यावर सरकते आणि खटका दाबताच पुढूनच पक्की होते. दुसरा प्रकार पुढे व मागे दोन्हीकडे आवळला जाणारा. मागचे टोक हलत नाही हा त्याचा गुण. परंतु दोन्ही दांड्या एकमेकींशी नीट जुळल्या नाहीत, तर पट्टी वाकडीच आवळली जाते. तिसरा प्रकार दंतुर पट्ट्या आणि स्क्रूच्या साहाय्याने तेच माप पुनःपुन्हा आणणारा. काम अत्यंत सूक्ष्म. पण किंमत फार आणि जागाही फार. घरगुती कामास पहिला प्रकार उत्तम.

घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. मेज बिडाचे असेल तर भोके पाडून जड नळी बसविता येते. हलक्या घडीच्या मेजास तो भार सोसत नाही. पात्याच्या उजवीकडे दोन फुटांहून थोडी अधिक जागा मिळाली, की आठ बाय चारचे प्लायवुड मधोमध चिरता येते. त्याहून लांब नळीचा मोह नको. पट्टीचा लाकडाला टेकणारा दर्शनी भाग सपाट व बदलता येण्याजोगा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहा वेळा सैल करून दहा वेळा आवळावी व प्रत्येक वेळी पुढचे-मागचे अंतर मोजावे. दहाही वेळा उत्तर तेच आले, तरच पैसे मोजावेत.

आम्ही काटकसर म्हणून प्रथम येथेच एक पट्टी वेल्डिंग करून घेतली. उष्णतेने नळी कमानीसारखी वाकली. मग बोल्टांनी जोडून दुसरी केली. ती आजवर चांगली चालते आहे.

बसविताना क्रम चुकवू नये. प्रथम वीज तोडावी. मेजावर जी खाच असते, तिच्याशी पाते समांतर करावे. पात्याचा एकच दात खुणावून तोच पुढे व मागे फिरवून मोजावा. नंतर त्याच खाचेशी पट्टी जुळवावी. मागे कागदाच्या जाडीएवढी ती पात्यापासून दूर असली तर चालेल. जवळ मात्र कदापि नसावी.

इतके करूनही पट्टी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पात्यामागे चीर मिटू न देणारी उभी पोलादी पाती हवीच, लाकूड ढकलण्यास बोटांऐवजी काठी हवी, आणि उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नव्हे, किंचित बाजूला.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा अर्थ आम्ही शिक्षक बहुधा 'मुलाच्या हाताला वळण लावणे' इतकाच घेतो. पण ज्या पट्टीला टेकून मूल पुढे सरकते, ती पट्टी आम्हीच नाही का? उत्तरपत्रिकेतील चूक दिसली की आमची लाल शाई प्रथम मुलावर धावते. आपण स्वतः सरळ आहोत का, हे कोण मोजतो?

देव्हारा पूर्ण झाला. घडवंचीवर तो ठेवला त्या दिवशी आम्ही पुतण्याला आईसमोर म्हणालो, "चूक आमची होती रे." तो हसला आणि म्हणाला, "काका, आता दुसरी फळी देता का? आजीच्या पोथीसाठी फडताळ करायचे आहे."