रक्तदाब : वंशाचा की परिस्थितीचा?

रक्तदाब मोजणारा पारा माणसाचा वर्ण पाहत नाही. तरीही अमेरिकेत तेवढ्याच रक्तदाबाने कृष्णवर्णीयांच्या हृदयाची हानी गौरवर्णीयांपेक्षा अधिक झालेली आढळते. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठर होते आणि अखेर हृदय थकते. १९८५-८६ मध्ये तेथील चार शहरांत पाच हजारांवर तरुणांची पाहणी सुरू झाली. २००९ साली तिचा निष्कर्ष आला : पन्नाशीपूर्वी हृदय दुर्बळ होण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत वीसपट होते.

मग हा दोष रक्ताचाच मानावा काय? १९९७ चा एक अभ्यास निराळेच सांगतो. मूळ पश्चिम आफ्रिकी असलेल्या लोकांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६, कॅरिबियन बेटांत २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के आढळले. वंश तोच, बदलली ती राहणी, आहार आणि शरीराचे वजन.

उपायही परिस्थितीतच सापडला. लॉस एंजलिसच्या केशकर्तनालयांत जाऊन फार्मासिस्टांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना औषधे सुरू केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना केवळ सल्ला मिळाला, त्यांचा अवघा ९ अंकांनी.

आनुवंशिकतेचा वाटा असेलही. परंतु सारा दोष वंशाच्या माथी मारला, की समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो. वंश बदलता येत नाही, परिस्थिती मात्र बदलता येते.