आधी बघू, कुठपर्यंत आलंय

‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांतून इतक्यांदा ऐकलं होतं, की ते सहसा न उच्चारणाऱ्या एक बाई पुण्यात तपकीर गल्लीजवळ बसतात असं कळल्यावर त्यांचं काम बघायला मुद्दाम गेलो.

टेबलावर उबुंटूचा जुना डेस्कटॉप. पडद्यावर शेवटी ‘कर्नल पॅनिक’. शेजारी पीएचडी करणारी मुलगी, चेहरा उतरलेला.

“ताई, सगळं गेलं का हो?”

“आधी बघू, कुठपर्यंत आलंय ते.”

त्यांची सारी विद्या या एका प्रश्नात आहे, कारण मशीन टप्प्याटप्प्याने सुरू होतं. जुन्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी बूटलोडरच्या कोडला मिळतात जेमतेम ४४६. बाकीच्यात पार्टिशनचा तक्ता आणि दोन बाइटांची खूण. “४४६ बाइटांत काय मावणार? पुढच्याला हाक मारण्यापुरतंच,” ताई म्हणाल्या. ती हाक ग्रब या बूटलोडरच्या मोठ्या भागाला जाते. ग्रब मेमरीत कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणतो आणि सोबत इनिट्रामएफएस, म्हणजे तात्पुरती फाइलव्यवस्था. खरी डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर बहुधा तिच्यातच असतात.

ग्रबचा मेनू दिसत होता, म्हणजे ते ४४६ बाइट शाबूत. कर्नलही सुरू झाला होता. ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं: रूट, म्हणजे मुख्य फाइलव्यवस्था, माउंट होत नाही, ‘अननोन ब्लॉक’, शून्य, शून्य.

“याला डिस्क दिसलीच नाही. डिस्क गेली असेलच असं नाही. ती ओळखणारं सोबत आलं नसेल.”

मेनूतून आधीचा कर्नल निवडला आणि मशीन उठलं. पहिलं काम, प्रबंध पेनड्राइव्हवर. मग शोध. ‘बूट’चं वेगळं पार्टिशन १०० टक्के भरलेलं; जुने कर्नल साठत गेलेले, आणि अपडेटच्या वेळी नवी इनिट्रामएफएस लिहायला जागाच उरलेली नव्हती. जुने कर्नल काढले, ती फाइल पुन्हा बनवली, ग्रबचा मेनू ताजा केला. मशीन नव्या कर्नलवर चालू झालं.

फॉरमॅटने दुकानदाराचे कष्ट वाचतात. जातं ते गिऱ्हाइकाचं. म्हणून मशीन अडलं, तर पडद्याचा फोटो काढा आणि दुरुस्त करणाऱ्याला विचारा, गाडी नेमकी कुठे अडली? उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका.