तारापूरचे इंधन आणि 'मिराज'चा करार

एप्रिल २०२५ मध्ये भारताने नौदलासाठी २६ 'राफेल-एम' विमाने घेण्याचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार फ्रान्सशी केला, तेव्हा नेहमीप्रमाणे चर्चा झाली ती किमतीची आणि क्षमतेची. लढाऊ विमानांसाठी भारत वारंवार फ्रान्सकडे का वळतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र विमानाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. त्या उत्तराचा मोठा भाग पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उभ्या असलेल्या तारापूर अणुऊर्जा केंद्रात दडलेला आहे. या केंद्राच्या इंधनाचा तंटा आणि 'मिराज-२०००' विमानांची खरेदी या दोन गोष्टी १९८२ साली अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने मार्गी लागल्या, आणि दोन्हींत भारतासमोर फ्रान्सच होता.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ही भारत-अमेरिका मैत्रीची देणगी मानली जात असे. ८ ऑगस्ट १९६३ रोजी उभय देशांत करार झाला, अमेरिकेने कर्ज दिले आणि 'जनरल इलेक्ट्रिक' कंपनीने अणुभट्ट्या उभारल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत वाटली जाऊ लागली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. भारतातील अणुविजेची सुरुवात याच तालुक्यातून झाली.

या अणुभट्ट्यांची एक अडचण आरंभापासून होती. त्यांना समृद्ध युरेनियम लागते. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण अवघे ०.७ टक्के असते. तारापूरला ते अडीच टक्क्यांच्या आसपास हवे. हे प्रमाण वाढवण्याची सोय त्या काळी भारताकडे नव्हती. म्हणून करारात तजवीज अशी केली गेली की, ३० वर्षे, म्हणजे १९९३ पर्यंत, तारापूरला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम अमेरिका विकेल आणि भारत तिथे फक्त अमेरिकेनेच दिलेले इंधन वापरील. अमेरिकेतून आलेल्या मालापासून इंधनाचे जुडगे हैदराबादच्या अणुइंधन संकुलात तयार होत आणि तिथून ते तारापूरला येत. वापरलेले इंधन तारापुरातच साठवले जाई आणि या सर्वांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची देखरेख असे. या तरतुदी त्या वेळी कोणाला फारशा जाचक वाटल्या नाहीत. घराच्या चाव्या शेजाऱ्याकडे ठेवाव्यात तशी ही व्यवस्था होती. शेजारी चांगला आहे तोवर प्रश्न नव्हता.

मे १९७४ मध्ये पोखरण येथे भारताने पहिला अणुस्फोट केला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील 'सायरस' या कॅनडाच्या मदतीने उभारलेल्या अणुभट्टीतून आले होते. तरीही त्या स्फोटाची किंमत तारापूरला मोजावी लागली. अमेरिकी काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि मार्च १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. आपले सर्व अणुप्रकल्प आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली न ठेवणाऱ्या देशाला अणुइंधन द्यायचे नाही, असा त्याचा आशय. म्हणजे १९६३ साली दिलेल्या शब्दाला १९७८ सालच्या कायद्याने पूर्वलक्ष्यी अट लागली. जगातील सर्वांत प्रबळ देशाशी केलेला करारही त्याच्या संसदेतील बहुमताइतकाच टिकाऊ असतो, हे भारतीय मुत्सद्द्यांना तेव्हा कळले आणि ते पुढे कधीच विसरले गेले नाही.

त्याच वर्षी जानेवारीत कार्टर दिल्लीत आले होते. मायक्रोफोन सुरू आहे याचे भान न ठेवता त्यांनी आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना सांगितले की, मायदेशी परतल्यावर मोरारजी देसाईंना याबाबत थंड आणि रोखठोक शब्दांत पत्र पाठवायला हवे. हे वाक्य पत्रकारांपर्यंत पोहोचले आणि दौऱ्यातील सौजन्याचा बराचसा मुलामा तिथेच उतरला. गंमत अशी की, अण्वस्त्रांना तत्त्वतः विरोध असणारा देसाईंसारखा पंतप्रधान भारताला त्याआधी वा नंतर क्वचितच लाभला असेल. पण सर्व प्रकल्प तपासणीसाठी खुले करण्याची मागणी त्यांनीही मान्य केली नाही.

पुढची दोन वर्षे तारापूरच्या इंधनाची फाइल वॉशिंग्टनमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरलेल्या असल्याने भारताला दुखावणे कार्टर यांना परवडणारे नव्हते. त्यांनी आपल्या अधिकारात ३८ टन इंधनाला मंजुरी दिली. प्रतिनिधिगृहाने ती मोठ्या बहुमताने फेटाळली. सप्टेंबरमध्ये सिनेटने मात्र ४८ विरुद्ध ४६ मतांनी अध्यक्षांच्या बाजूने कौल दिला आणि इंधन सुटले. बोईसर-पालघरपासून गुजरातपर्यंतच्या विजेच्या एका हिश्शाचा निर्णय हजारो मैलांवर दोन मतांच्या फरकाने झाला होता. रेगन प्रशासन आल्यावर तर पुढचे इंधन मिळणार नाही हे स्पष्टच झाले.

इथे भारताच्या हाती एक हुकमाचे पान होते, ज्याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकेने पुरवठ्याचे वचन मोडले तर भारतही करारातील आपल्या बंधनांतून मुक्त होतो, अशी भारताची भूमिका होती. तारापूरच्या तळ्यांत साठलेल्या वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम होते. करार संपला तर त्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यापासून भारताला अडवायचे कोणत्या आधारे, हा वॉशिंग्टनपुढचा खरा पेच होता. इंधन द्यायचे तर स्वतःचा कायदा आडवा येतो, न द्यायचे तर देखरेखीचा हक्कच जातो. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष होमी सेठना आणि परराष्ट्र खाते यांनी वाटाघाटींत हा पेच व्यवस्थित ताणून धरला. अखेर तोडगा निघाला तो असा की, १९६३ चा करार कायम ठेवायचा. फक्त अमेरिकेऐवजी इंधन तिसऱ्या देशाने द्यायचे. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी तब्बल अकरा वर्षांनी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या, तेव्हा अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यासमवेत याची घोषणा झाली. तो तिसरा देश होता फ्रान्स.

याच सुमारास दुसरा पट मांडला जात होता. १९८१ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला ४० 'एफ-१६' विमाने देण्याचे ठरवले. ३.२ अब्ज डॉलरच्या मदतीबरोबर आलेली ही विमाने भारतीय हवाई दलाच्या तत्कालीन ताफ्याला सरस ठरणार, हे उघड होते. भारताचा मुख्य पुरवठादार होता सोव्हिएत संघ. पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा धोका तारापूरने नुकताच दाखवून दिला होता. फ्रान्स भारताला अनोळखी नव्हता. 'तुफानी' ही विमाने १९५३ पासून आणि 'मिस्टेर' १९५७ पासून हवाई दलात होती, तर नौदलाकडे 'अलिझे' होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये भारताने 'मिराज-२०००' जातीच्या ४० विमानांची मागणी नोंदवली, त्यांत ३६ एकआसनी व ४ दुआसनी होती. पाकिस्तानच्या ४० ला भारताचे ४० हे उत्तर आकड्यातही नेमके बसले. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ भारतभेटीवर आले आणि तारापूरच्या इंधनाचा भारत-फ्रान्स करारही नोव्हेंबरमध्येच झाला.

हे दोन करार कागदोपत्री स्वतंत्र होते. विमानांच्या बदल्यात इंधन असा सौदा झाल्याचे कोठेही नमूद नाही, आणि तसे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र एका बाजूला अब्जावधी फ्रँकची मागणी आणि दुसऱ्या बाजूला देखरेखीच्या अटींवरून अडलेली बोलणी असे चित्र असताना दोन्ही दालनांतील मंडळींना एकमेकांचा विसर पडला असेल, असे मानणे त्याहून भोळेपणाचे आहे. फ्रान्सने आरंभी अधिक कडक अटींचा आग्रह धरला होता. पुरवलेल्या इंधनापासून जे जे निर्माण होईल त्याचा पाठपुरावा करण्याचा आणि देखरेख कायमस्वरूपी ठेवण्याचा हक्क त्यांत होता. अखेर १९६३ च्या कराराच्या चौकटीतच तडजोड झाली.

फ्रान्सचा यात धर्मादाय हेतू नव्हता. अमेरिकेच्या छायेतून बाहेर राहून स्वतःचा शस्त्र-उद्योग जगवायचा तर परदेशी गिऱ्हाईक हवेच, हे पॅरिसचे द गॉलच्या काळापासूनचे गणित होते. त्या गणितात भारतासारखे मोठे आणि कोणत्याही गटात नसलेले गिऱ्हाईक चपखल बसत होते. आणि फ्रान्सच्या मैत्रीलाही मर्यादा होत्या. १९९० च्या दशकारंभी फ्रान्सने अण्वस्त्रप्रसारबंदी कराराशी जुळवून घेतले, त्याच अटी स्वीकारल्या आणि १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपताच तारापूरचा पुरवठा थांबवला. त्यानंतर १९९५ मध्ये इंधन आले ते चक्क चीनकडून. २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये अमेरिकेचा आक्षेप असतानाही रशियाने ते दिले. अधल्यामधल्या काळात तारापूरच्याच परिसरात प्लुटोनियममिश्रित इंधन तयार करून काही प्रमाणात वापरले गेले. उपलब्ध साठा पुरवून पुरवून वापरणे हे या केंद्रातील अभियंत्यांचे एक स्वतंत्र कौशल्यच बनले.

मग फ्रान्सवरील विश्वास टिकला कशामुळे? त्याचे उत्तर १९९८ मध्ये मिळाले. मे महिन्यातील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाची 'सी किंग' हेलिकॉप्टरे ब्रिटिश बनावटीची, पण त्यांतील अमेरिकी भाग मिळेनासे झाले. 'तेजस' या हलक्या लढाऊ विमानाच्या नियंत्रण-प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परत यावे लागले आणि तो प्रकल्प मागे पडला. फ्रान्सने निर्बंध लादले नाहीत; त्याच वर्षी जानेवारीत उभय देशांत सामरिक भागीदारीची घोषणा झाली होती, ती त्याने पाळली. वर्षभरातच कारगिलचे युद्ध उद्भवले आणि ग्वाल्हेरच्या 'मिराज'नी द्रास-बटालिकच्या उंच शिखरांवर इस्रायली यंत्रणेच्या साह्याने लेसर-निर्देशित बॉम्ब टाकले. ऐन लढाईत सुट्या भागांसाठी कोणाच्या संसदेकडे डोळे लावून बसण्याची वेळ या विमानांबाबत आली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ 'राफेल'चा ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. त्यातील किंमत आणि देशी भागीदाराची निवड यांवरून मोठे राजकीय वादळ उठले आणि ते प्रश्न विचारले जाणे गरजेचेही होते. परंतु त्या गदारोळात हा मूळ विचार दिसेनासा झाला. लढाऊ विमान विकत घेताना तीस-चाळीस वर्षांचा पुरवठा विकत घ्यावा लागतो. इंजिनाचे सुटे भाग, क्षेपणास्त्रे, संगणकप्रणालीतील बदल यांपैकी प्रत्येकासाठी विक्रेत्याची संमती लागत राहते. म्हणजे प्रत्येक विमान हे एक लहानसे तारापूरच असते.

हाच धडा भारताने अमेरिकेशी केलेल्या पुढच्या करारात अक्षरशः लिहून घेतला. मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी जुलै २००५ मध्ये ज्याचा आरंभ केला, तो नागरी अणुकरार ऑक्टोबर २००८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी इंधनपुरवठ्याच्या हमीचा मुद्दा सोडला नाही. भारताला इंधनाचा सामरिक साठा करण्यास अमेरिका साह्य करील, आणि तरीही पुरवठ्यात खंड पडलाच तर रशिया, फ्रान्स व ब्रिटन यांसारख्या मित्रदेशांची बैठक दोघे मिळून बोलावतील, असे कलम त्यात आहे. १९८२ मध्ये जे ऐनवेळी करावे लागले, त्याचीच ही आगाऊ तरतूद होय. त्या मसुद्यामागे तारापूरची आठवण आहे हे ओळखायला मुत्सद्दी असण्याची गरज नाही.

अर्थात कलमे सगळेच भागवत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलाने ८३ 'तेजस मार्क-१ ए' विमानांची मागणी 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स'कडे नोंदवली. त्यांना लागणारी इंजिने अमेरिकेतून यायची होती. ठरलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले यायला मार्च २०२५ उजाडला. विमाने तयार करण्याचे वेळापत्रक त्यामुळे कोलमडले. या वेळी कारण कायद्याचे नव्हते, पुरवठा साखळीतील अडथळ्यांचे होते. पण वाट पाहणाऱ्याच्या दृष्टीने फरक थोडाच. इंजिन बनवणारी कंपनी 'जीई एरोस्पेस' ही, ज्या 'जनरल इलेक्ट्रिक'ने तारापूर उभारले त्याच उद्योगाची आजची वारस.

तारापुरात दरम्यान बरेच काही बदलले. जुन्या दोन भट्ट्यांच्या शेजारी २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या. त्या संपूर्णपणे भारतीय बनावटीच्या आहेत आणि नैसर्गिक युरेनियमवर चालतात. समृद्धीकरणासाठी त्यांना कोणाच्या दारात जावे लागत नाही. या स्वावलंबनासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांना जागा सोडावी लागली आणि तेथील रहिवाशांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्यांच्यामुळे हा सारा इतिहास घडला त्या जुन्या भट्ट्या २०२० मध्ये दुरुस्ती व नूतनीकरणासाठी बंद करण्यात आल्या. ज्या वापरलेल्या इंधनाच्या धाकाने १९८२ ची तडजोड घडली, ते अमेरिकेने कधी परत नेले नाही. ते तारापुरातच साठत राहिले.