तण नियंत्रण, जैव

परदेशातून आलेल्या तणाचे नैसर्गिक शत्रू बहुधा मूळ प्रदेशातच राहतात व त्यामुळे ते अनिर्बंध फैलावते. असे शत्रू शोधून, पारखून नव्या प्रदेशात सोडणे व त्यांच्याकरवी तण आटोक्यात ठेवणे यास जैव नियंत्रण म्हणतात. या पद्धतीने तणाचे समूळ उच्चाटन होत नाही. त्याची संख्या मर्यादित राहते. श्रीलंकेतून १९२६ मध्ये आणलेल्या कोचिनिअल कीटकाने दक्षिण भारतातील फड्या निवडुंगाचा मोठ्या प्रमाणावर नाश केला, हे याचे जुने उदाहरण होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या दृष्टीने महत्त्वाचे तण म्हणजे गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस). मूळच्या अमेरिकेतील या वनस्पतीची नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली व पुढे ती देशभर पसरली. तिच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. तिच्या स्पर्शाने त्वचाशोथ होतो. म्हणून हाताने उपटणी करणाऱ्यांना अपाय संभवतो.

तिच्या नियंत्रणासाठी बंगलोर येथे १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलरॅटा हा भुंगेरा आणण्यात आला. पिकांवरील चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो शेतात सोडण्यात आला. त्याच्या अळ्या व प्रौढ दोन्ही पाने खातात. कोवळे शेंडे नष्ट झाल्याने फुले व बिया कमी येतात. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तो सूर्यफुलाची पाने खात असल्याचे आढळल्याने शेतकऱ्यांत चिंता निर्माण झाली. गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडल्याने तो तिकडे आकृष्ट होतो व त्या पिकास गंभीर धोका नाही, असा निष्कर्ष निघाला.

या भुंगेऱ्याची खरी मर्यादा हवामानाची आहे. पावसाळ्यात तो क्रियाशील असतो. थंड व कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्तावस्थेत राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत त्याचा क्रियाशील काळ अल्प ठरतो. कृष्णाकाठच्या बागायतीत मात्र पाटाच्या ओलाव्यावर गवत वर्षभर उगवू शकते. भुंगेरा सुप्त असताना त्यास शत्रू उरत नाही. म्हणून पावसाळ्यात भुंगेरे गोळा करून नव्या जागी सोडणे, इतर काळात हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वी उपटणी करणे व पडीक जागी टाकळ्यासारख्या स्पर्धक वनस्पती वाढविणे हे उपाय एकत्रितपणे योजावे लागतात.